पहिला फ्लॅट घेताना: टोकनच्या चेकपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या बहुतेक घरांत दर अकरा महिन्यांनी तीच चर्चा होते. करार संपला, भाडं वाढलं, आता आपलंच बघायचं का? मग रविवारी साइट बघणं सुरू होतं. सॅम्पल फ्लॅट पाहून मन हरखतं आणि सेल्स ऑफिसमधला मुलगा सांगतो की हा दर आजच्या दिवसापुरताच आहे. त्या रविवारी घराबाहेर पडण्याआधी वाचावा म्हणून हा लेख. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण इथली पद्धत मला जवळून माहीत आहे. रेरा (घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा स्थावर मालमत्ता कायदा), नोंदणी आणि सोसायटीचे नियम मात्र राज्यभर तेच आहेत. कराचे दर गावागणिक थोडे बदलतात.

सगळ्या पायऱ्यांवर एकच गोष्ट सांभाळायची: पैसा कायम कागदाच्या मागून गेला पाहिजे. आधी कागद हातात, मग चेक. फसगत झालेल्या बहुतेक घरांत हा क्रम कुठेतरी उलटा झालेला दिसतो.

पायरी १: आधी हिशेब, मग साइट

जाहिरातीतली किंमत आणि तुमच्या खिशातून जाणारी रक्कम यांत मोठं अंतर असतं. समजा पुणे महापालिका हद्दीत बांधकाम सुरू असलेला फ्लॅट आहे आणि करारनाम्यातली किंमत ६० लाख आहे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणून ३० हजार. बांधकाम सुरू असल्याने ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. झाले साडेसदुसष्ट लाख. याशिवाय आगाऊ मेन्टेनन्स, लीगल चार्जेस, क्लब हाउस आणि वीजजोडणीचा खर्च, ज्याला बिल्डर अजूनही ‘एमएसईबी चार्जेस’ म्हणतात. ही सगळी यादी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून मागा. तोंडी सांगितलेला ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ आकडा हिशेबात धरू नका.

आता बँक किती देईल? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च यात धरला जात नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात जास्तीत जास्त ४८ लाख कर्ज, १२ लाख स्वतःचे, शिवाय साडेचार लाख मुद्रांक-नोंदणीचे आणि जीएसटी वेगळा. हाताशी वीसेक लाख असल्याशिवाय ६० लाखांचा फ्लॅट बघायला जाऊ नये, हे त्यामुळेच.

४८ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता साधारण ४१,७०० रुपये बसतो आणि अखेरपर्यंत जवळपास एक कोटी रुपये फेडले जातात. पहिल्या हप्त्यातले ३४ हजार नुसतं व्याज असतं. हे सांगतो ते घाबरवायला नाही. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही. बोनस आला की सुरुवातीच्या वर्षांतच थोडी मुद्दल भरत जा, कारण तेव्हा भरलेला रुपया पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचवतो.

काही सवलती लक्षात ठेवा. खरेदीदार फक्त महिला असेल, तर निवासी घरावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. वरच्या उदाहरणात ६० हजार वाचतात. पतीचं नाव सहमालक म्हणून आलं की ही सूट जाते. तो कर्जात सहअर्जदार राहिला तर हरकत नसते. घर ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्रफळ, पुढे सविस्तर) ९० चौरस मीटरच्या आत असेल, तर पुण्यात जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो. मुंबई महानगर क्षेत्रात क्षेत्रफळाची हीच मर्यादा ६० चौरस मीटर आहे. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मिळालेल्या तयार घरावर जीएसटी अजिबात नाही. वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत आणि घर ३५ लाखांच्या आत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातलं व्याज अनुदान तपासून पाहा. कमाल १ लाख ८० हजार मिळतात, पाच वार्षिक हप्त्यांत. आणि एवढं बजेट नसेल तर म्हाडाच्या सोडतीकडे पाठ फिरवू नका. अधिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तो ऐनवेळी मिळत नाही.

गावाकडच्या पैशांबद्दल एक कळकळीचं सांगणं. पहिल्या घरासाठी आईवडील एफडी मोडतात, कधी शेतीचा तुकडा काढतात. त्यांनी आनंदाने दिलं तरी सगळं घेऊ नका. त्यांच्या आजारपणाची रक्कम त्यांच्याच खात्यात राहू द्या आणि तुमच्या खात्यात निदान सहा हप्त्यांएवढी शिल्लक ठेवा. जे घ्याल ते बँकेमार्फत घ्या, म्हणजे उद्या भावंडांत हिशेब स्वच्छ राहतो.

पायरी २: चौरस फूट म्हणजे नक्की कोणता फूट

सेल्स ऑफिसमध्ये ‘९५० सेलेबल’ असा आकडा ऐकू येईल. त्यात जिना, लॉबी, लिफ्ट, सगळ्यांचा वाटा मिसळलेला असतो. रेरा कायद्यानुसार किंमत कार्पेटवर ठरायला हवी. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा: आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस वगळून. करारनाम्यात हे चौरस मीटरमध्ये लिहितात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

तोच ९५० सेलेबलचा फ्लॅट ६० चौरस मीटर कार्पेटचा निघाला, तर प्रत्यक्ष जागा ६४६ चौरस फूट. ६० लाखांना तो सेलेबलच्या हिशेबाने सहा हजार तीनशेच्या आसपास दराने पडतो असं वाटतं. कार्पेटच्या हिशेबाने दर नऊ हजार तीनशेच्या घरात जातो. दोन प्रकल्पांची तुलना करताना दोन्हीकडचा कार्पेट दरच काढा. बाल्कनीचं क्षेत्र वेगळं लिहून घ्या.

सॅम्पल फ्लॅटमधला पलंग बहुधा नेहमीपेक्षा लहान बनवलेला असतो, आणि आतले दरवाजे काढून ठेवलेले असतात. घरून मीटर टेप घेऊन जा. आपला पलंग, आपलं कपाट, आपला फ्रिज यांची मापं मोबाइलमध्ये लिहिलेली असू द्या. कपाटाचं दार उघडल्यावर माणूस पलंगाशेजारून जाऊ शकतो का, हे तिथेच बघा.

पायरी ३: नवं, तयार की रिसेल

पहिल्या घरासाठी माझं मत सरळ आहे. भाडं आणि हप्ता दोन्ही एकाच वेळी झेपत नसतील, तर भोगवटा पत्र मिळालेलं तयार घर किंवा रिसेल घ्या. बांधकाम सुरू असलेल्या घरात दर कमी मिळतो खरा, पण ताबा लांबला की भाडं आणि व्याज मिळून तो फायदा खाऊन टाकतात.

रिसेलमध्ये जीएसटी नसतो, शेजार दिसतो, पाण्याची परिस्थिती कळते. मात्र कागद जास्त तपासावे लागतात. पहिल्या खरेदीपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे मूळ करारनामे, प्रत्येकाची सूची क्रमांक २ म्हणजे आपली इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), मूळ भागपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीचा ना-थकबाकी दाखला, ही साखळी अखंड पाहिजे. मधला एखादा करारनामा ‘हरवला आहे’ असं कळलं, तर वकिलाने लेखी हिरवा कंदील दाखवेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. विकणाऱ्यावर कर्ज चालू असेल, तर त्याच्या बँकेचं थकबाकीचं पत्र मागा आणि तुमच्या बँकेचा चेक थेट त्याच्या कर्जखात्यात जाईल अशी व्यवस्था करा. सोसायटी हस्तांतरासाठी महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त प्रीमियम घेऊ शकत नाही. ‘विकासनिधी’ म्हणून लाखभर मागितले, तर हा आकडा नम्रपणे समोर ठेवा.

पायरी ४: कागद स्वतः बघा

महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाका. हा क्रमांक इंग्रजी ‘पी’ अक्षराने सुरू होतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणंही सक्तीचं आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. तिथे चार गोष्टी बघा: पूर्ण करण्याची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे, मंजूर नकाशात तुमचा मजला खरंच आहे का, जमिनीवर किंवा प्रकल्पावर कोणाचा बोजा, म्हणजे कर्ज किंवा तारण, आहे का, आणि प्रकल्पावरच्या तक्रारी किंवा खटले. तुमचा मजला अठरावा आणि प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकामाची परवानगी) अजून बाराव्यापर्यंतच असेल, तर सहा मजल्यांची परवानगी यायची आहे एवढाच त्याचा अर्थ. ती येईपर्यंत थांबायला हरकत नाही.

प्रकल्पावर बांधकाम कर्ज असणं वाईट नाही. पण मग तुमच्या फ्लॅटसाठी त्या वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र हवंच. ते नसेल तर पैसे बिल्डरला गेले तरी फ्लॅट तारणमुक्त होत नाही.

जमिनीसाठी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक परवानगी, आणि वकिलाचा ३० वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा सर्च रिपोर्ट. बिल्डरचा वकील जो रिपोर्ट देतो तो वाचा, पण आपला वकील वेगळा करा. ‘अमुक बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय’ हे वाक्य तुम्हाला दहादा ऐकवलं जाईल. बँक तिच्या कर्जाची सुरक्षितता बघते. तुमचं पार्किंग, सामाईक जागेतला हक्क, ताब्याची तारीख, हे तिच्या तपासणीचे विषय नव्हेत. साठ लाखांच्या व्यवहारात वकिलाची फी वाचवणं मला तरी पटत नाही.

पायरी ५: पाणी आणि शेजार

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. हद्द वाढली, पण त्या भागांतल्या अनेक सोसायट्या आजही टँकरवर चालतात. टँकरचा खर्च मेन्टेनन्समधून जातो, म्हणजे हप्त्यासारखाच तो दर महिन्याचा बोजा आहे. साइटवर विचारू नका, ‘पाणी आहे’ हेच उत्तर येणार. शेजारच्या राहत्या सोसायटीच्या गेटवर जा आणि सिक्युरिटीच्या काकांना विचारा की मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात. मागच्या वर्षीचं मेन्टेनन्सचं बिल कोणी दाखवलं, तर फारच उत्तम.

जागा तीन वेळांना बघा: कामाच्या दिवशी सकाळी नऊला, रात्री दहानंतर, आणि जमलं तर जोरदार पावसात. नाल्याचं पात्र, रस्त्यावर साठणारं पाणी, मंगल कार्यालयाचा आवाज, यांतलं काहीच रविवारी दुपारी कळत नाही.

पायरी ६: टोकन आणि करारनामा

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. या दिवशी बुकिंग करावं असं घरच्यांना वाटतं, आणि त्याच दिवशी ऑफरही असतात. मुहूर्त पाळायचा असेल तर गृहप्रवेशाला पाळा. चेकला मुहूर्त एकच, कागद तपासून झाल्याचा.

टोकन चेकनेच द्या आणि पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: फ्लॅटचा क्रमांक व कार्पेट, सगळ्या खर्चांसह एकूण किंमत, आणि कर्ज नामंजूर झालं तर टोकन किती दिवसांत परत मिळेल. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. रेरा कायद्याचं कलम १३ तसं सांगतं. ‘आधी वीस टक्के भरा, मग ॲग्रीमेंट’ असं म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा.

करारनाम्याचा मसुदा किमान आठवडाभर घरी ठेवून वाचा. महारेराचा आदर्श करारनामा संकेतस्थळावर आहे. दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. बिल्डरला द्यायच्या हप्त्यांच्या टप्प्यांकडे विशेष लक्ष द्या. आदर्श करारात करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७० पर्यंत असा क्रम आहे, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा पत्र आल्यावर ताब्याच्या वेळी. हे शेवटचे पाच टक्के तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं बळ आहे, ते आधी देऊ नका. ताब्याची तारीख स्पष्ट लिहिलेली असावी. ती चुकली तर दोन मार्ग असतात: प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत घेणं, किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागणं. हे व्याज महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या पायाभूत व्याजदरापेक्षा) २ टक्के जास्त दराने मोजतात.

पार्किंगचं वेगळं सांगायला हवं, कारण सोसायटीतली निम्मी भांडणं त्यावरून होतात. उघडं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. बंदिस्त पार्किंग मिळत असेल, तर त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची करारनाम्याच्या जोडपत्रात लिहिलेली हवी. महारेराने २०२४ मध्ये तसा आदेश काढला आहे. खांबामुळे गाडीचं दार उघडत नाही अशी जागा गळ्यात पडू नये, म्हणून नकाशावर बोट ठेवून जागा दाखवून घ्या.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याचा आगाऊ कापलेला आयकर) कापून सरकारकडे भरायची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची. प्रत्येक हप्त्यातून तो कापायचा, महिना संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरायचा आणि प्रमाणपत्र विकणाऱ्याला द्यायचं. विकणारा परदेशात स्थायिक असेल तर दर बराच जास्त असतो. तिथे सीए गाठाच.

पायरी ७: नोंदणीचा दिवस

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी वार्षिक दर तक्त्यातलं, म्हणजे रेडी रेकनरचं मूल्य, यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. दर तक्ते १ एप्रिलला बदलू शकतात. मार्चअखेरीस दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी होते ती त्यामुळे. शुल्क ऑनलाइन भरता येतं, वेळ ऑनलाइन घेता येते, आणि अनेक मोठ्या प्रकल्पांत बिल्डरच्या ऑफिसातूनच ई-नोंदणी होते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायला हवा.

सोबत मूळ आधार, पॅन आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार. अंगठा आणि फोटो होण्याआधी स्क्रीनवरची नोंद डोळ्यांत तेल घालून वाचा: नावाचं स्पेलिंग, विंग, मजला, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर. ‘बी’ विंगच्या जागी ‘डी’ छापलं गेलं, तर पुढे चूक दुरुस्तीचा दस्त करायला सगळ्यांना पुन्हा गोळा करावं लागतं. काही दिवसांनी इंडेक्स टू ऑनलाइन काढून घ्या आणि स्कॅन करून पती-पत्नी दोघांच्याही ईमेलमध्ये ठेवा.

कर्जाचं इथेच सांगून टाकतो. मूळ करारनामा बँकेकडे जातो. जमा केलेल्या कागदांची सहीशिक्क्याची यादी बँकेकडून घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्जासोबत बँक विमा पुढे करते. कर्जाएवढा साधा मुदत विमा बाहेरून घेतलेला बहुधा स्वस्त पडतो, आणि कमावत्या माणसाने तो घ्यायलाच हवा.

पायरी ८: ताबा घेण्याआधी

भोगवटा पत्राशिवाय ‘फिट-आउटसाठी पझेशन’ दिलं जातं. चावी हातात येते, फर्निचर सुरू करा म्हणतात आणि उरलेले सगळे पैसे मागतात. अशी चावी घेऊ नका. भोगवटा पत्र नसेल तर महापालिकेचं पाणी अडकतं, आणि शेवटचे पाच टक्के गेल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही.

तपासणीला दिवसाउजेडी जा आणि घाई करू नका. सोबत एक नाणं, गोटी, बादली, मोबाइलचा चार्जर, मीटर टेप आणि रंगीत चिकटपट्टी घ्या. नाण्याने प्रत्येक टाइलवर ठोका. पोकळ आवाज आला की चिकटपट्टी लावा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे येतं ते बघा. गोटी बाल्कनीत सोडा, उतार बाहेरच्या बाजूला हवा. सगळे नळ एकदम उघडून दाब बघा, मग फ्लश. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावा. डीबीमधल्या (विजेच्या पेटीतल्या) आरसीसीबीचं, म्हणजे वीजगळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबल्यावर वीज जायला हवी. खिडक्या पूर्ण सरकवा, त्यांच्या चौकटीतली पाणी जायची भोकं सिमेंटने बुजलेली नाहीत ना ते पाहा. पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत येण्याचं ते नेहमीचं कारण असतं. वरच्या मजल्याच्या बाथरूमखालची आपली छत बोटाने चाचपा. मापं घ्या. कार्पेटमध्ये ३ टक्क्यांपर्यंतचा फरक करारात मान्य धरलेला असतो. क्षेत्रफळ ३ टक्क्यांहून जास्त कमी निघालं तर पैसे परत मागता येतात.

यादी फोटोंसह ईमेलने पाठवा, फक्त साइट इंजिनिअरच्या वहीत लिहून येऊ नका. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पाच वर्षं हा मोठा काळ आहे. तेवढे पावसाळे जातात आणि बहुतेक गळती त्यांत उघडी पडते. ईमेल जपून ठेवा.

पायरी ९: राहायला जाणं

फर्निचर एकदम करू नका, आणि त्यासाठी वैयक्तिक कर्ज तर मुळीच काढू नका. ओटा, किचनमधल्या ट्रॉल्या, पंखे, गिझर, खिडक्यांना जाळ्या आणि पडदे, एवढ्यावर घर चालू होतं. नैऋत्येच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला आणि बाथरूमच्या पाठच्या भिंतीला लागून प्लायवूडचं कपाट एक पावसाळा बघितल्याशिवाय ठोकू नका. भिंतीत ओल आली तर पाठीमागचा प्लाय फुगतो आणि कळतं फार उशिरा. पहिल्या पावसात घरात फिरून ओलसर डागांचे तारखेसह फोटो काढा. तुमच्या तक्रारीचा पुरावा तोच. सुताराचं काम सुरू करण्याआधी सोसायटीच्या कामाच्या वेळा, डिपॉझिट आणि राडारोडा टाकायची जागा विचारून घ्या. बाल्कनी आत घेणं, बीम-कॉलमला हात लावणं, बाथरूमची जागा हलवणं यांच्या वाटेला जाऊ नका. संपूर्ण इमारत त्या सांगाड्यावर उभी असते.

कलशपूजन किंवा गणेशपूजन करून, दूध उतू घालवून राहायला जा, वास्तुशांत सवडीने होऊ द्या. त्या दिवशी मजल्यावरच्या घरांना, सिक्युरिटीच्या काकांना आणि सफाईच्या मावशींना आवर्जून बोलवा. नव्या इमारतीत कोणीच कोणाला ओळखत नसतं. लिफ्ट बंद पडते, रात्री कोणाला दवाखान्यात न्यावं लागतं, तेव्हा हीच ओळख उपयोगी येते.

पहिल्या दोन महिन्यांत सरकारी नोंदी उरकून टाका. महावितरणचं मीटर आपल्या नावावर करा, पाइप गॅसचा अर्ज, आधार आणि मतदार यादीतला पत्ता. मिळकतकराच्या आकारणीत नाव लावा आणि घरात स्वतः राहत असाल तर पुणे महापालिकेत पीटी-३ अर्ज भरा. स्वतः राहणाऱ्यांना असलेली ४० टक्क्यांची सवलत नव्या घराला अर्ज केल्याशिवाय लागत नाही, आणि पुष्कळ जण पूर्ण कर भरत राहतात. आयकर भरताना जुनी आणि नवी करप्रणाली नव्याने तपासा. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते.

सोसायटी झाली नसेल तर नियम असा आहे की ५१ टक्के फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत बिल्डरने ती नोंदवण्यासाठी अर्ज करायचा. चार घरांनी मिळून लेखी मागणी केली की हालचाल होते. आगाऊ घेतलेल्या मेन्टेनन्सचा हिशेबही तेव्हाच मागा. सोसायटी झाल्यावर जमीन आणि इमारत तिच्या नावावर होणं, म्हणजे कन्व्हेअन्स, हे मोठं काम उरतं. बिल्डर टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या कन्व्हेअन्सचा) मार्ग आहे. पहिल्या सर्वसाधारण सभेला नक्की जा. मेन्टेनन्स, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी), पार्किंग यांचे निर्णय तिथे होतात आणि ते वर्षानुवर्षं बदलत नाहीत.

सभासद झालात की भागपत्र घ्या आणि त्याच आठवड्यात नामनिर्देशनाचा अर्ज भरा. एक मात्र नीट समजून घ्या. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. मालक मरण पावल्यावर सोसायटी तिला तात्पुरता सभासद करून घेते, घर कायदेशीर वारसांकडे किंवा मृत्युपत्राप्रमाणे जातं. तेव्हा तिशीत असलात तरी दोघांनी साधं मृत्युपत्र करून ठेवा. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. त्याची प्रत इंडेक्स टूच्याच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.